'शार्प' या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. इतक्या वर्षांत एका शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही. मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, जत्रेत पेटी वाजवणाऱ्या बुवांनीही विचारून झालं: "बाई, शार्प म्हणजे नक्की काय हो?" प्रत्येकाच्या विचारण्यामागचं कारण वेगळं असतं, म्हणून उत्तरंही वेगळी द्यावी लागतात. ती सगळी इथे एकत्र लिहिली आहेत.

'शार्प'ला मराठीत नेमका शब्द कोणता?

एकच असा शब्द नाही, आणि त्यात मराठीची काही उणीव नाही. इंग्रजीने एका शब्दावर भागवलंय, मराठी मात्र आधी विचारते: कापणारं की टोचणारं?

सहामाही परीक्षेत 'समुद्रकिनाऱ्यावरची सकाळ' या निबंधात एका मुलीने लिहिलं होतं की खडपावरची कालवं फार 'पॉइंटेड' असतात. ही मुलगी सुट्टीच्या दिवशी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आईबरोबर कालवं काढायला जाणारी, म्हणजे कालवांची तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती. मी विचारलं, "कालव टोचतं की कापतं?" ती म्हणाली, "कापता, बाई." मग 'पॉइंटेड' का लिहिलंस? तर म्हणे 'शार्प'चा अर्थ 'टोकदार' असा पाठ केला होता, आणि तेच इंग्रजीत उलटं करून लिहिलं.

कालवाच्या शिंपीची कड कागदासारखी पातळ असते आणि जागोजागी तुटून करवतीसारखी झालेली असते. पाय पाण्यात असताना कापल्याचं कळतही नाही. कोरड्या वाळूवर आलं की मागे लाल ठिपके पडलेले दिसतात, तेव्हा लक्षात येतं. शिंगाळा माशाच्या काट्याचं तसं नाही. तो लागला की माणूस त्याच क्षणी ओरडतो. पहिली धार, दुसरं टोक. इंग्रजीत कालवाची कड 'शार्प' आणि शिंगाळ्याचा काटाही 'शार्प'. मराठीत कड धारदार आणि काटा अणकुचीदार. 'धारदार सुई' असं कोणी म्हणत नाही, कारण सुईला धार नसतेच. पेन्सिलीलाही आपण टोक काढतो, धार काढत नाही.

हे एवढं बोट धरून कळलं की पुढचं सोपं जातं. नजर शार्प असेल तर तीक्ष्ण किंवा घारीसारखी. डोकं शार्प असेल तर तल्लख. जीभ शार्प असेल तर तिखट. कळ शार्प असेल तर सणक. फोटो शार्प असेल तर स्वच्छ, रेखीव. थंडी शार्प असेल तर बोचरी. माझ्या मुलांना मी सांगते, शब्दकोशातला पहिला अर्थ उचलू नका. कोणती वस्तू, काय करते, ते आधी डोळ्यांपुढे आणा.

हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

आला कुठूनच नाही, तो घरचाच आहे. इंग्रजीतले हजारो शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून आले, पण 'शार्प' हा जुन्या इंग्रजीचा मूळ शब्द. तिथे त्याचा उच्चार साधारण 'शॅअर्प' असा होता, आणि तेव्हाही तो तलवारीसाठी आणि बुद्धीसाठी, दोन्हींसाठी वापरत. त्याच्या सख्ख्या बहिणी शेजारच्या भाषांत आहेत: जर्मनमध्ये 'शार्फ', डचमध्ये 'स्खेर्प', स्वीडिशमध्ये 'स्कार्प'. या सगळ्यांच्या मागे एक फार जुना धातू, म्हणजे शब्दाचं मूळ रूप, मानला जातो: 'स्केर' किंवा नुसता 'केर', अर्थ 'कापणे'. तेव्हा 'शार्प'चा पाया टोकात नसून कापण्यात आहे. शिंगाळ्यापेक्षा कालवाकडे त्याचं नातं जवळचं.

त्या धातूचं मराठीत कोणी आहे का?

आहे, आणि तुमच्या घरात शिवणाच्या डब्यात आहे. संस्कृतात 'कृत्' म्हणजे कापणे, त्यापासून 'कर्तन' आणि 'कर्तरी', आणि 'कर्तरी'ची मराठीत झाली कात्री. कातरणे, कातरण, कातरकाम हे सगळे त्याच घरातले.

हे नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी एका भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने येण्याजोगं नाही, त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. त्यानंतर शंभरएक वर्षं अभ्यासकांनी आवाजांचे नियम शोधून हे पक्कं केलं. शब्द एकसारखा ऐकू येतो म्हणून नातं धरत नाहीत. आवाज ठरलेल्या नियमाने बदलले असतील तरच धरतात. म्हणून कोणी सांगितलं की अमुक इंग्रजी शब्द मराठीतून गेला कारण दोन्ही सारखे ऐकू येतात, तर थांबा. 'शार्प' संस्कृतातून आलेला नाही. 'शार्प' आणि 'कात्री' ही एकाच पणजीची पतवंडं, एवढंच.

या घराण्यातले आणखी कोणते शब्द आपण रोज वापरतो?

हा माझा आवडता प्रश्न, इथे थोडी जास्त जागा घेते.

'शर्ट' आणि 'शॉर्ट' हे दोन्ही याच धातूचे. शॉर्ट म्हणजे कापून आखूड केलेलं, शर्ट म्हणजे आखूड कपडा. 'स्कर्ट' हा शर्टाचा जुळा भाऊ. इंग्लंडात जुन्या इंग्रजीतला 'स्क' बदलत 'श' झाला, पण उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लोकांनी 'स्क' जसाच्या तसा ठेवला. त्यामुळे एकाच कपड्याचं नाव इंग्लंडात दोनदा नांदलं, एकदा 'श'ने आणि एकदा 'स्क'ने. मग लोकांनी वाटणी केली: वरचा शर्ट, खालचा स्कर्ट. शाळेच्या गणवेशाकडे बघून हे सांगितलं की मुलींना एकदम पटतं.

वाटणीवरून आठवलं, 'शेअर' म्हणजे वाटा, तोही कापण्यातूनच आलेला. आपणही 'वाटा कापून घेतला' म्हणतोच.

आणि 'स्कोर'. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'स्कोर' म्हणजे काठीवर सुरीने पाडलेली खाच. गुरं मोजताना वीस झाली की एक खाच पाडायची, म्हणून इंग्रजीत 'स्कोर'चा एक अर्थ वीस असाही आहे, आपल्या कोडीसारखा. क्रिकेटच्या सुरुवातीच्या काळात धावाही काठीवर खाचा पाडूनच मोजत. मे महिन्यात मळ्यात अंडरआर्मचे सामने चालतात, कर्ण्यावरून "स्कोर काय झालो रे?" अशी हाक येते, तेव्हा मला ती काठी दिसते.

'शोअर', म्हणजे किनारा, हाही शब्द अभ्यासक बहुधा याच धातूला जोडतात. जिथे जमीन कापली गेली ती जागा. पावसाळ्यात उधाणाने माडाच्या मुळाखालची वाळू खरवडून नेल्यावर आपल्या किनाऱ्याची जी उभी कड उरते, ती ज्याने पाहिली त्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

तिखट पदार्थाला 'शार्प' म्हणता येतं का?

इंग्रजीत नाही. मिरचीच्या तिखटाला इंग्रजीत 'हॉट' म्हणतात. इंग्रजीत चवीला 'शार्प' म्हटलं की ते आंबट, जिभेला झोंबणारं असतं. लिंबू शार्प, जुनं मुरलेलं चीज शार्प, आपलं आमसुलाचं सार शार्प. बांगड्याचं तिखलं मात्र 'हॉट'.

जर्मनमध्ये जा, आणि गंमत बघा. तिथे 'शार्प'ची बहीण 'शार्फ' सुरीलाही लावतात आणि झणझणीत जेवणालाही. म्हणजे आपल्यासारखंच. कारण 'तिखट' हा शब्द 'तीक्ष्ण'वरूनच आला. संस्कृत तीक्ष्ण, प्राकृत तिक्ख, मराठी तीख आणि तिखट. मुळात 'तिखट' म्हणजे धारेचं, टोचणारं. तिखट जीभ, तिखट कान, तिखट डोळे असं आपण म्हणतो त्यात मिरची कुठेच नसते.

'तीक्ष्ण'चा धातू 'तिज्'. धार काढणे, टोकदार करणे हा त्याचा अर्थ. 'तेज' हा शब्दही त्याचाच: आधी धार, मग धारेवरची चमक, मग कोणतीही चमक. फारसीतून आपल्याकडे आलेला 'तीर' आणि म्हणून 'तीरंदाज', हिंदीतला 'तेज़', हे इराणी फांदीवरचे भाऊबंद. पश्चिमेला गेलेल्या फांदीवर इंग्रजीतला 'स्टिक', म्हणजे टोचणे आणि टोचण्याजोगी काठी, आणि 'स्टिच', म्हणजे टाका. ग्रीकमधला 'स्टिग्मा' म्हणजे कातडीवर टोचून उमटवलेली खूण, गोंदण.

तिखटाबद्दल एक जोड. मिरची हे पीक पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरलं. त्याआधी तिखटपणा होता तो मिरी, आलं, पिंपळी यांचा. नव्या फळाला लोकांनी नाव दिलं ते मिरीवरूनच. वस्तू नवी, पण चवीचा शब्द जुनाच पुरला. तिरफळाची चव मात्र मला ना तिखटात बसवता येते ना आंबटात. जीभ बधिर करणारी ती झिणझिणी 'शार्प' म्हणून मी कधी कोणाला सांगणार नाही.

'एज' आणि 'शार्प' एकच का?

नाही. 'एज' हे नाम आहे, कड किंवा धार. 'शार्प' हे ती कड कशी आहे ते सांगणारं विशेषण. घराणीही वेगळी.

'एज'चं घराणं फार श्रीमंत आहे. त्याचा मूळ धातू 'अक्', अर्थ टोकदार, धारदार. लॅटिनमध्ये त्याच्यापासून 'ॲक्युस' म्हणजे सुई, 'ॲक्यूट' म्हणजे टोकदार, आणि 'ॲसिड' म्हणजे आंबट, जिभेला टोचणारं. फ्रेंचमध्ये आंबलेल्या वाइनला 'विनेग्र' म्हणाले, त्यावरून इंग्रजीतला 'व्हिनेगर'. ग्रीकमध्ये 'ऑक्सिस' म्हणजे धारदार, आंबट. फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए यांनी 1777च्या सुमारास एका वायूला त्यावरून नाव दिलं 'ऑक्सिजन', म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतो असा त्यांचा समज होता. तो चुकीचा ठरला, नाव राहिलं. मराठीने 'प्राणवायू' म्हणून ती चूक बाजूला ठेवली याचं मला फार समाधान वाटतं.

आता संस्कृतात या. याच धातूचा शब्द 'अश्रि', म्हणजे कड, कोपरा. चार कोपरे असलेलं ते चतुरश्र, आणि चतुरश्रचं प्राकृतातून घासत घासत झालं 'चौरस'. जांभ्याचा चिरा तासून काटकोनात आणतात, त्याची कड आणि इंग्रजीतला 'एज' यांचं मूळ एक. गवंडीकाम करणाऱ्या एका पालकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आम्ही पण तेच काम करतो म्हणायचं."

भूमितीतही हेच दिसतं. इंग्रजीत 'ॲक्यूट अँगल' म्हणजे टोकदार कोन आणि 'ऑबट्यूज' म्हणजे ठोकून बोथट झालेला. मराठीने मापाकडे पाहिलं आणि लघुकोन, विशालकोन म्हटलं. दोन्ही बरोबर. पण इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हे दोन शब्द उलटसुलट होत असतील तर त्याला विळीचं टोक आणि नारळाची करवंटी दाखवा, पुन्हा गोंधळणार नाही.

डॉक्टरांच्या कागदावर 'ॲक्यूट' लिहिलं असेल तर आजार गंभीर असतो का?

तसं असेलच असं नाही, आणि हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. माझ्या सासऱ्यांना एकदा रात्री पोटात दुखायला लागलं म्हणून तालुक्याच्या गावी नेलं. सकाळी कागद हातात आला, त्यावर 'ॲक्यूट' हा शब्द. घरातल्या कोणीतरी त्याचं भाषांतर केलं 'तीव्र', दुसऱ्याने केलं 'जबरदस्त', आणि दुपारपर्यंत मुंबईहून दोन गाड्या निघाल्या. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी घरी आले तर सासरे ओटीवर पेज पीत बसलेले आणि सगळे त्यांच्याभोवती गंभीर चेहऱ्याने उभे.

वैद्यकात 'ॲक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं, थोड्या काळाचं. त्याच्या उलट 'क्रॉनिक', म्हणजे जुनाट, रेंगाळणारं. ॲक्यूट सर्दी असते आणि ॲक्यूट हृदयविकारही असतो. गांभीर्य शेजारच्या शब्दावरून ठरतं. शंका असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा. संकोच करू नका, आणि विचारल्याशिवाय गाड्या बोलावू नका.

दवाखान्यात 'शार्प्स' हा शब्दही दिसेल. तिथे तो नाम आहे: सुया, ब्लेड, जे काही टोचेल किंवा कापेल ते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016च्या नियमांप्रमाणे हे सगळं पांढऱ्या, अर्धपारदर्शक, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकायचं असतं. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही सुई नुसत्या पिशवीत टाकू नये. कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला ती लागते.

दुखण्याला 'शार्प' म्हणायचं असेल तेव्हा इंग्रजी आणि मराठी एकाच वाटेने जातात. शूल म्हणजे भाला, त्रिशूल म्हणजे तीन टोकांचा. आणि पोटशूळ म्हणजे पोटात भाला खुपसल्यासारखी कळ.

'दहा शार्प' यात धार कुठे आली?

कडेत. धारदार कड म्हणजे जिथे एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते तिथे काही पसरट भाग नाही. वेळेलाही तशी कड असली की ती 'शार्प'. मराठीत आपण कानाने मोजतो: दहाच्या ठोक्याला, ठीक दहाला, दहाला बरोब्बर. लिहिताना लक्षात ठेवा, 'शार्प' वेळेच्या नंतर येतो.

'पंक्च्युअल' म्हणजे वेळ पाळणारा, हाही टोकावरच उभा आहे. लॅटिनमध्ये 'पुंगेरे' म्हणजे टोचणे, टोचून पडलेला ठिपका म्हणजे 'पुंक्टुम'. त्यातून 'पॉइंट', 'पंक्च्युअल', 'पंजंट' म्हणजे नाकात झणझणणारा, आणि अर्थात 'पंक्चर'. एसटीचं चाक पंक्चर झालं की पंक्च्युअल राहता येत नाही, हे मुलं स्वतःच जोडतात.

पेटीवर 'काळी एक'ला 'सी शार्प' का म्हणतात?

पाश्चात्त्य संगीतात स्वर अर्ध्या पायरीने वर चढवला की तो 'शार्प', खाली उतरवला की 'फ्लॅट'. 'सी' म्हणजे पांढरी एक. तिच्या अर्ध्या पायरीने वर काळी एक, म्हणून ती सी शार्प. तसंच काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. तीच काळी एक पुढच्या 'डी'च्या बाजूने पाहिली तर 'डी फ्लॅट'. पट्टी तीच, हाक मारणारा कुठे उभा आहे त्यावर नाव.

आपल्याकडे चढवलेला स्वर एकच, मध्यम, आणि त्याला आपण म्हणतो 'तीव्र'. रे, ग, ध, नि उतरतात, ते कोमल. दशावतारात पेटी धरणाऱ्या बुवांनी मला हा प्रश्न रात्री अडीच वाजता विचारला होता, राक्षसाच्या प्रवेशाआधीच्या चहाला. त्यांना मी तीव्र मध्यमाचं सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे शार्प म्हणजे तीव्रच की." संगीतापुरतं हो, तिथे भाषांतर चपखल बसतं. पण गाणारा 'शार्प जातोय' असं म्हटलं तर ती स्तुती नाही. त्याचा सूर चढलाय, जागेवर नाही, असा त्याचा अर्थ.

कॉम्प्युटर शिकणाऱ्यांसाठी: 'सी शार्प' ही मायक्रोसॉफ्टची भाषा 2000 साली जाहीर झाली आणि तिचं नाव संगीतातूनच घेतलं, 'सी' या आधीच्या भाषेपेक्षा अर्धी पायरी वर, या अर्थाने. मुलाखतीत 'सी हॅश' म्हणू नका.

'शार्प मुलगा' ही स्तुती समजायची का?

बहुतेक वेळा हो. पण इंग्रजीत या शब्दाला एक काळी बाजू आहे. 'शार्प प्रॅक्टिस' म्हणजे कायद्यात जेमतेम बसणारी लबाडी. 'शार्पर' म्हणजे पत्त्यांत फसवणारा. जास्त धार असली की माणूस दुसऱ्यालाही कापतो, हे त्यामागचं चित्र. मराठीने ही छटा वेगळ्या शब्दांत ठेवली: हुशार, तल्लख, चाणाक्ष यांत कौतुक, चलाख म्हटलं की जरा सावध व्हायचं, बेरकी म्हटलं की पैसे मोजून घ्यायचे.

निबंधात माझी पसंती 'कुशाग्र' या शब्दाला. कुश म्हणजे दर्भ, अग्र म्हणजे टोक. ज्याची बुद्धी दर्भाच्या टोकासारखी. दर्भ हातात घेऊन बघा, टोक इतकं बारीक की दिसण्याआधी लागतं. इंग्रजी 'शार्प' कापण्यातून आला आणि आपला 'कुशाग्र' टोचण्यातून, दोघंही पोचले मात्र एकाच ठिकाणी.

'कीन' म्हणजे पण शार्पच ना?

आज हो, तीक्ष्ण आणि उत्सुक दोन्ही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता शूर. शूराच्या तलवारीला लागून धार त्याला नंतर आली.

'लुक शार्प' म्हणजे 'छान दिसतोस' का?

कधी कधी. पण पूर्वापार अर्थ आहे 'चल, आटप'. आधी 'नजर तेज ठेव' असा होता, त्यातून 'झटपट कर' झाला. होडीवर काम करणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. जाळं ओढताना लक्ष ठेवणं आणि घाई करणं ही दोन कामं वेगळी नसतातच.

घाटात 'शार्प कर्व्ह' पाटी असते, ते 'धारदार वळण' का?

नाही, तीव्र वळण, किंवा सरळ अवघड वळण. करूळ घाटात कोपरा दुमडल्यासारखी जी वळणं आहेत ती. पाटी दिसली की हॉर्न द्या.

शार्प नावाची टीव्हीची कंपनी आणि हा शब्द यांचा संबंध आहे?

आहे, पेन्सिलीमुळे. जपानमध्ये तोकुजी हायाकावा यांनी 1912 साली टोकियोत धातूकामाचा छोटा व्यवसाय सुरू केला आणि 1915मध्ये शिसं पुढे सरकणारी पेन्सिल काढली. तिला टोक काढावं लागत नसे, म्हणून पुढे तिच्या नावात 'शार्प' हा शब्द आला. त्यावरून कंपनीचं नाव. जपानी मुलं आजही अशा पेन्सिलीला 'शार्प पेन्सिल' याच शब्दाच्या आखूड रूपाने ओळखतात. आपली मुलं तिला 'पेन पेन्सिल' म्हणतात.

'शार्प'च्या उलट शब्द कोणता?

इथेही आधी विचारा, कशाच्या उलट. सुरी 'ब्लंट', दुखणं 'डल', सूर 'फ्लॅट', फोटो 'ब्लर्ड', वळण 'जेंटल'. मराठीत सुरी बोथट, दुखणं मंद किंवा ठसठसणारं, सूर उतरलेला, फोटो अंधूक, वळण सौम्य. एकच शब्द सगळ्यांना लावलात तर गुण जातात.

'धार लावणे'ला इंग्रजीत काय म्हणू?

रोजच्या बोलण्यात 'शार्पन'. जरा जुनं, दगडाशी जोडलेलं हवं असेल तर 'व्हेट', आणि अगदी शेवटचा, बारीक हात फिरवायचा असेल तर 'होन'. कसब घोटून तयार करणं यालाही 'होन' चालतं.

'होन' मुळात दगडाचंच नाव. संस्कृतात धार लावायच्या दगडाला 'शाण', आणि 'होन' व 'शाण' एकाच मुळातले. आपल्या देवघरात ज्यावर चंदन उगाळतो ती सहाण, तीही शाणेचीच लेक. गावात पूर्वी फिरत्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारे शिकलगार यायचे. त्यांचं नाव मात्र अरबीतल्या चमक देण्याच्या शब्दावरून आलं.

माझी आजी शिकलगाराची वाट बघत नसे. मागीलदारी विहिरीजवळ एक काळा गुळगुळीत दगड होता, मधोमध होडीसारखा खोल झालेला. विळीचं पातं काढून ती त्या दगडावर पाण्याचा हबका मारायची आणि पातं आडवं, जवळजवळ झोपवून, पुढेच ढकलायची. मागे ओढायची नाही. दहा-बारा वेळा एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने. दगडावर करड्या रंगाचा चिखल जमायचा. शेवटी अंगठा धारेवर आडवा फिरवायची. मी एकदा अंगठा धारेच्या दिशेने फिरवला तर तिने मनगट धरलं: "वायच जपान गो चेडवा, धारेबरोबर जाऊ नको. धारेक आडवा जा." मग अळवाचं पान घेऊन बघायची. देठ दाबावा लागला तर पातं पुन्हा दगडावर.